बाटलीवर नाव माझं

मी हायस्कूलला भूगोल शिकवते, पण रहिमतपूरच्या आसपास मला ओळखतात ते कॉपी पकडणारी बाई म्हणून. बाहीत, पट्टीच्या मागे, वेणीच्या पेडात, चिठ्ठी कुठे आहे ते मला वर्गात पाऊल टाकल्याबरोबर कळतं. वीस वर्षं हेच केल्यावर स्वभावही तसाच होतो. भाजीवाला गोड बोलला की मी जुडीच्या आतली पानं उलटून बघते. आमचे हे म्हणतात, तू देवळात गेलीस तरी आधी चपलांवर नजर ठेवतेस. ठेवते. अजून एकदाही चप्पल गेलेली नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या स्वभावामुळे झालं. लघवीच्या दुखण्यावर बायका लिहीत नाहीत, बोलतही नाहीत. मीही लिहिलं नसतं. पण सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या पकडणाऱ्या मला माझ्याच घरातलं दुखणं दिसलं नाही, आणि ते लपवून ठेवलं तर मीही त्या कॉपी करणाऱ्यांतलीच ठरेन.

किल्ली

आमच्या शाळेत बाईंसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसात क्लार्कच्या टेबलामागच्या खिळ्याला. किल्ली मागायची म्हणजे चार पुरुषांसमोर सांगायचं की मला जायचं आहे. म्हणून मी सकाळी एक कप चहा घेऊन निघायची आणि पाण्याची बाटली भरलेली नेऊन भरलेलीच परत आणायची. वर्गात कुणी मुलीने करंगळी वर केली की मी म्हणायची, "मधल्या सुट्टीत." मला वाटायचं, टाळाटाळ करते आहे.

दिवाळी झाली आणि मला जळजळ सुरू झाली. सारखी घाई, आणि गेलं की चार थेंब. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं तेव्हा मी बाकीच्या डब्यात ठेवून दिल्या. औषधाचं दुकान दवाखान्याला लागूनच आहे, मग दोन दिवसांचं काम असताना पाच दिवसांच्या का लिहिल्या, हे मला न सांगता कळलं होतं. निदान तसं मला वाटलं.

जळजळ थांबली, पण घाई काही गेली नाही. एक दिवस नववीच्या वर्गात नकाशा काढताना मला शिंक आली आणि साडी ओली झाली. तास संपायला वीस मिनिटं होती. मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले आणि तिथूनच मुलांना कृष्णेच्या उपनद्या तोंडपाठ म्हणायला लावल्या. घंटा झाल्यावर सगळा वर्ग बाहेर जाईपर्यंत मी जागची हलले नाही. घरी येऊन मोरीत बसून रडले. वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी असं व्हावं, याची मला फार लाज वाटली.

साताऱ्याच्या डॉक्टर

साताऱ्याला एक लेडी डॉक्टर आहेत, असं एका मैत्रिणीने सांगितलं. वय माझ्यापेक्षा कमी, बोलणं शांत. एवढ्या शांत बोलणाऱ्या माणसाला काहीतरी विकायचं असतं, असा माझा अनुभव. पाणी किती पिता, रोखून धरता का, किती वर्षांपासून, खोकताना होतं का, असं त्या विचारत गेल्या आणि मी पोलिसांपुढे बसल्यासारखी तुटक उत्तरं देत गेले. शेवटी त्यांनी लघवीची तपासणी लिहून दिली. साधी आणि जंतू वाढवून बघायची कल्चर, दोन्ही. सकाळची, पहिली धार सोडून मधली, आणि तोवर कुठलंही औषध घ्यायचं नाही.

लॅब त्याच इमारतीत, जिन्याच्या पलीकडे होती. मी रिकामी बाटली घ्यायला गेले तेव्हा लॅबवाला डॉक्टरीणबाईंच्या कंपाउंडरशी चहा पीत बसला होता. मला एवढं पुरे झालं. साटंलोटं आहे, दुसरं काय. काही नसलं तरी काहीतरी काढणार आणि महिनाभर फेऱ्या मारायला लावणार.

परीक्षेत संशय आला की मी मुलांच्या जागा बदलते. चिठ्ठी मग आपोआप बाहेर पडते. परतीच्या एसटीत कोरेगाव येईपर्यंत माझं ठरलं होतं. बाटलीवर नाव माझं घालायचं आणि आत लघवी एखाद्या ठणठणीत बाईची. त्यात दोष निघाला, की चोर सापडला.

रंजना

ठणठणीत बाई घरातच होती. रंजना, माझी धाकटी जाऊ. दीर सैन्यात, वर्षातून दीड महिना घरी. दोन गाई, सव्वा एकर ऊस, दोन मुलं आणि वर माझ्या शाळेच्या वेळेचा डबा, हे सगळं ती ओढते. तिला दिवसा आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

तिच्यावरही माझा संशय होताच. रोज दिवेलागणीला ती विळा घेऊन उसात जायची आणि अर्ध्या तासाने मूठभर गवत घेऊन यायची. एवढ्या गवताला अर्धा तास लागतो का? मला वाटायचं, फोनवर माहेरी माझ्या कागाळ्या सांगते. पौषात आमचा ऊस तुटला, रान मोकळं झालं, तर बाई ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या फडात जायला लागली. मग तर माझी खात्रीच झाली. एकदा मी बांधापर्यंत तिच्या मागे गेले होते. चपलेत काटा मोडला म्हणून परत फिरले, नाहीतर शेवटपर्यंत गेले असते.

बाटलीचं मी तिला चुलीपुढे सांगितलं. ती हसेल किंवा लाजेल असं वाटलं होतं. ती भाकरी थापायची थांबली.

"त्यात समदं कळतं का, आक्का?"

"काय असेल ते कळतं. का? तुला काय होतंय?"

"न्हाई, आपलं इचारलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागायच्या आधीच बाटली तयार होती. झाकण घट्ट लावलेलं, दोन पिशव्यांत गुंडाळलेली. मी लेबलवर माझं नाव लिहिलं, त्या दिवशी शाळा दुपारची होती म्हणून सकाळच्या गाडीने सातारला जाऊन बाटली दिली आणि आले. पण तिची ती तत्परता माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे तीन दिवस ती येता-जाता विचारायची, आला का रिपोर्ट. हिला माझ्या दुखण्याची एवढी कसली उत्सुकता? थोरल्या जावेला काहीतरी मोठं निघावं म्हणून टपून बसली आहे, असं मी यांना बोलूनही दाखवलं. यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

सापडला चोर

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. पू भरपूर, रक्त आहे, जंतूंची वाढ झालेली, खाली कुठलं औषध चालेल त्याची यादी. मी चक्क हसले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सातारची गाडी पकडली. काय बोलायचं ते वाटेत दोनदा मनात म्हणून घेतलं.

डॉक्टरीणबाई एकदा रिपोर्टकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. ताप येतो का, हुडहुडी भरते का, कमरेच्या वर पाठीत दुखतं का, असं त्यांनी विचारलं. मी प्रत्येकाला नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना मला मजा येत होती. इतका खराब रिपोर्ट आणि तुम्ही इतक्या बऱ्या कशा, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या तेव्हा मी माझं पान उघडलं. म्हटलं, ही लघवी माझी नाहीच. तुमची लॅब काय करते ते बघायला मी एका धडधाकट बाईची दिली होती.

मला वाटलं होतं त्या गडबडतील. त्या गडबडल्या नाहीत. पेन खाली ठेवलं.

"मग ही कोणाची आहे?"

"माझ्या जावेची. तिला काही झालेलं नाही."

"तुम्ही तिला विचारलंत?"

मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर वाचायला लागले. वीस वर्षांत माझ्यासमोर कितीतरी मुलं अशीच भलतीकडे बघत उभी राहिली आहेत.

त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाल्या, मी आत्ता तुम्हाला हिचं औषध लिहून दिलं असतं. तुम्ही नको ते घेतलं असतं आणि जिला हवं तिला कधी मिळालंच नसतं. हा संसर्ग वर चढला तर मूत्रपिंडापर्यंत जातो. "तिला आजच घेऊन या. उद्या नको."

तरी, खरं सांगते, जिना उतरताना मी मनात म्हणत होते, पकडली गेली म्हणून घाबरवते आहे.

गोधडी

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगणात ऊन रणरणत होतं, गाई दावणीला हंबरत होत्या आणि त्यांच्यापुढे वैरण नव्हती. रंजना आतल्या खोलीत दोन गोधड्या घेऊन पडली होती. दात वाजत होते. मी कपाळाला हात लावला तर हात भाजला.

मी तिच्या उशाशी बसले. कधीपासून, एवढंच विचारलं.

"चार म्हैनं झालं. आग हुती, आक्का. पयल्यांदा आपापली जायाची. आता रगत बी दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू? त्यास्नी फोनवर सांगू व्हय? तितं बर्फात बसल्यात, जिवाला घोर लावून घेत्याल. आन् तुमी..." ती थांबली. मग म्हणाली, "तुमी लगीच इचारशिला, काय केलंस, कुटं गेलीस म्हनून."

खरं होतं. मी तेच विचारलं असतं.

"तुमी बाटली मागितली तवा मला वाटलं, बरं झालं. नाव तुमचं लागंल, कुनाला काय कळायचं न्हाई, आन् माजं बी तपासून हुईल. तुमी म्हनशिला रिपोर्ट चांगला आला, म्हंजी मी बी चांगली. त्येचीच वाट बघत हुते."

मला तिच्याकडे बघवेना. दिवेलागणीचं ते मूठभर गवत कशासाठी होतं, ते आता लक्षात येत होतं. मग मी तो प्रश्न विचारला जो मला चार महिन्यांपूर्वी विचारता आला असता. घरात संडास-बाथरूम आहे, मग तू उसात का जातेस?

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की हे मला ठाऊक नाही हे तिला खरंच वाटेना.

"थोरलं भावजी बसल्यालं असत्यात न्हवं म्होरं," ती म्हणाली.

खुर्ची

आमचा संडास अंगणात फाटकाजवळ आहे, कारण खड्ड्याला जागा तिथेच होती. त्याच्या दारापासून चार हातांवर आमच्या ह्यांची खुर्ची. सकाळी चहा आणि पेपर, दुपारी घटकाभर डुलकी, संध्याकाळी गावातली दोन-तीन माणसं. वाट त्यांच्या गुडघ्यांना घासून जाते. माझा नवरा, मला कसली लाज, मी दिवसातून चारदा तिथून जाते. पण रंजना लग्न होऊन आली तेव्हापासून थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर सोडत नाही, त्यांच्या पुढून चालत जात नाही. पाणी द्यायचं तर मुलाच्या हातून देते. आमच्याकडे याला वळण म्हणतात, आणि मीच चारचौघांत तिच्या या वळणाचं कौतुक केलेलं आहे.

म्हणजे ती पहाटे हे उठायच्या आधी एकदा जायची आणि मग थेट दिवेलागणीला, उसात. पाणी प्यायलं तर जावं लागेल म्हणून पाणी प्यायची नाही. ऊस उभा होता तोवर आडोसा होता. ऊस तुटला आणि तोही गेला. कारखान्याची टोळी आमच्या रानात कोयते चालवत होती तेव्हा मी बांधावर उभी राहून मोळ्यांवर नजर ठेवत होते. रंजनाचं काय जातंय ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

वॉर्ड

त्याच संध्याकाळी गाडी करून तिला सातारला नेलं. पाच दिवस ठेवून घेतलं. सलाईनमधून औषध, दर चार तासांनी ताप बघायचा, लघवी मोजायची. पहिले दोन दिवस ताप उतरला नाही. एका मूत्रपिंडाला सूज आहे, उद्यापर्यंत औषध लागू पडायला हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो उद्या काही केल्या उजाडेना. हिला काही झालं तर दिराला मी काय तोंड दाखवणार, दोन्ही पोरं शाळेतून आल्यावर दप्तर कुणाकडे फेकणार, हेच डोक्यात फिरत होतं. मी देवाला मानते, पण त्याच्याशीही जपूनच बोलते. त्या दिवशी मात्र साधं मागितलं, हिला बरं कर.

संशय तिथेही सुटला नव्हता. मी प्रत्येक इंजेक्शनची बाटली सिस्टरकडून मागून घेऊन नाव आणि तारीख वाचायची. दुसऱ्या दिवशी सिस्टर आपणहून बाटली माझ्यापुढे धरायला लागली आणि म्हणाली की सगळ्या नातेवाइकांनी असं वाचलं तर आमचं काम हलकं होईल. कुणी माझ्या स्वभावाला बरं म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

हे रोज डबा घेऊन यायचे आणि वॉर्डच्या दाराबाहेर उभे राहायचे. धाकट्या भावजयीच्या कॉटजवळ कसं जायचं? मला खुणेने बाहेर बोलावून विचारायचे, कसं आहे. ताप आहे, मी म्हणायची. कसला, ते मी सांगत नव्हते आणि ते विचारत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रंजना स्वतः उठून स्वच्छतागृहात जाऊन आली, कॉटवर बसली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

"हितं लय बरं हाय, आक्का," ती म्हणाली. "आतनं कडी लागती, आन् म्होरं कुनी बसत न्हाई."

मी डबा धुवायचं निमित्त करून बाहेर गेले.

माझं काय

या सगळ्यात माझी खरी बाटली राहूनच गेली होती. ती रंजनाच्या पाचव्या दिवशी दिली, माझी स्वतःची. त्यात काहीच निघालं नाही. लॅबला मुद्दाम काही काढायचं असतं तर तेव्हा काढलं असतं. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि सांगितलं, तुमच्या जंतूंपेक्षा तुमच्या सवयी जुन्या आहेत. वीस वर्षं रोखून धरलंत, पाणी तोडलंत, आता पिशवी तुमचं ऐकत नाही. पहिल्या पाच दिवसांच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, हेही चुकलंच. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, चहा कमी, ठरावीक वेळाने जायचं, आणि खालचे स्नायू आवळून धरायचा एक व्यायाम. तीन महिने करा म्हणाल्या. व्यायामाने काय होणार, असं माझ्या चेहऱ्यावर आलं असणार, कारण त्यांनी एक वही दिली आणि म्हणाल्या, विश्वास ठेवू नका, रोज लिहा आणि स्वतःच पडताळा.

ही बाई मला बरोबर ओळखून होती. मी वही लिहिली. व्यायाम मी वर्गातच करते, फळ्यावर लिहिताना. अजून कुणाला कळलेलं नाही. दुसऱ्या महिन्यात शिंकेची भीती निम्म्यावर आली. शाळेतली किल्ली खिळ्यावरून काढून स्टाफरूमच्या कपाटात आणली. आणि मुलीने करंगळी वर केली की मी मान हलवते. शंभरातली एखादी टाळाटाळ करत असेल, तर करू दे.

घरी आल्यावर

रंजनाला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीप्रमाणे खुर्चीत पेपर घेऊन बसले. मी आतून बघत होते. रंजना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली, अंगणात नजर टाकली आणि मागे फिरली. दवाखान्यात पाच दिवस काढून आलेली बाई पुन्हा रोखून धरणार होती.

मी अंगणात गेले आणि यांना म्हटलं, उठा. खुर्ची परसात न्या.

"का? इथं उजेड चांगला येतो."

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि लघवी हा शब्द मी यांच्यासमोर त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला. तुम्ही इथे बसता म्हणून रंजना जात नाही. बारा-बारा तास जात नाही. म्हणून तिच्या मूत्रपिंडाला सूज आली. मी हळू आवाजात, पण सगळं सांगितलं.

ते बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं. "मला कुणी बोललं असतं तर," एवढंच म्हणाले. मग खुर्ची उचलली आणि घराला वळसा घालून परसात शेवग्याखाली नेऊन ठेवली. माझा माझ्या नवऱ्यावरही पुरता विश्वास नाही, म्हणून मी शाळेतला खडू आणून परसातल्या फरशीवर खुर्चीच्या चारही पायांभोवती खुणा केल्या. रोज सकाळी बघते. खुर्ची अजून खुणांच्या आतच आहे.

दुसरी बाटली

औषधं संपल्यावर पंधरा दिवसांनी रंजनाची पुन्हा तपासणी होती. आम्ही दोघी सातारला गेलो. लॅबवाल्याने मला ओळखलं, आणि आता ही बाई काय करते म्हणून तो बाटलीवरून नजर हलवेना. मी लेबल लिहायला पर्समधून पेन काढलं. रंजनाने ते माझ्या हातातून घेतलं.

"माजी मी लिवते, आक्का."

तिने काउंटरवर वाकून सावकाश लिहिलं, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मग बाटली माझ्याकडे दिली, कारण मी बघितल्याशिवाय राहणार नाही हे तिला ठाऊक होतं. मी ती उजेडात धरून अक्षर अन् अक्षर वाचलं. बरोबर होतं.